चांगल्या संगीतासाठी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम? मालवणातल्या एका जुन्या लॅपटॉपची गोष्ट

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. त्यानंतर ‘आता नवीन लॅपटॉप घ्यायचा का?’ असं विचारणारे बरेच फोन मला आले. मालवणहून काकांचा आला तो मात्र वेगळा होता. काका निवृत्त आहेत, भजनाला पेटी वाजवतात, आणि दुपारी जेवण झालं की लॅपटॉप जुन्या अॅम्प्लिफायरला जोडून गाणं ऐकणं हा त्यांचा नेम. ते म्हणाले, “माका सांग, ह्यां नवीन मशीन घेतलंय तर तंबोरो नीट वाजतलो काय?”

कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की संगीतासाठी मॅकच लागतो, विंडोजवर आवाज बिघडतो. त्यासाठी एक मुदतठेव मोडायची त्यांची तयारी झाली होती. मी म्हटलं, “काका, दिवाळीला येतोच आहे. तोवर ठेव मोडू नका.”

हा प्रश्न तुमच्यापैकीही अनेकांना पडला असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आवाज कुठून कुठे जातो?

सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हापासून एक माप ठरून गेलंय: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा. दोन चॅनेलचे मिळून सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. ‘लॉसलेस’ म्हणजे हीच माहिती काहीही न टाकता, फक्त घडी घालून पाठवणं. फ्लॅक आणि अॅपलचं अलॅक हे त्याचे प्रकार. एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस यांत कानाला बहुधा न जाणवणारी माहिती गाळून टाकतात.

ही माहिती अॅपमधून थेट डॅककडे, म्हणजे आकड्यांचा विजेचा आवाज करणाऱ्या चिपकडे, जात नाही. मध्ये ऑपरेटिंग सिस्टीमचा मिक्सर बसलेला असतो. गाणं, व्हॉट्सअॅपची टिंग, ब्राउझरचा व्हिडिओ हे सगळं एकत्र वाजावं म्हणून तो सगळ्यांना एकाच दरात आणतो, बऱ्याचदा ४८,००० मध्ये. ‘विंडोज आवाज बिघडवतं’ या तक्रारीचं मूळ इथे आहे.

पण खरं सांगू का, आजच्या सिस्टीम हे रूपांतर इतकं बरं करतात की ते कानाने ओळखणं फार अवघड आहे. विंडोजमध्ये कानाला कळणारी गोष्ट म्हणजे ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’. लॅपटॉप कंपन्या बास वाढवणारं, आवाज ‘मोठा’ करणारं काहीतरी त्यात घालून देतात. ते आधी बंद करा. मग साउंड सेटिंग्समध्ये आपल्या डॅकचा फॉरमॅट १६ किंवा २४ बिट, ४४,१०० करा. मिक्सर पूर्ण टाळायचा असेल तर प्लेअरमध्ये ‘वासापी एक्सक्लुझिव्ह’ची सोय लागते. फूबार२००० मध्ये ती आहे, पण प्रत्येक स्ट्रीमिंग अॅपमध्ये असेलच असं नाही.

मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’ नावाचं छोटं अॅप असतं, तिथे हाच दर ठरवतात. आणि गंमत बघा, अॅपलचंच म्युझिक अॅप मॅकवर गाण्यानुसार हा दर आपोआप बदलत नाही. तो हातानेच बदलावा लागतो. म्हणजे ज्यासाठी काका ठेव मोडणार होते, ते काम तिथेही फुकटात होत नव्हतं.

लिनक्सवर पाइपवायर हे काम करतं. लिनक्स मिंट २२ मध्ये ते आधीपासूनच असतं. तेही मुळात ४८,००० वरच चालतं, पण सेटिंगच्या फाइलमध्ये परवानगीच्या दरांच्या ओळीत ४४,१०० घातलं की गाण्याप्रमाणे दर बदलतो. टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप ही कमांड दिली की चालू दर समोर दिसतो. असं उघडं दाखवणारी सिस्टीम मला आवडते, त्यामुळे या बाबतीत मी थोडा पक्षपाती आहे हे धरून चाला.

आधी सेवा, मग सिस्टीम

इथे बरेच जण उलटं करतात. लिनक्स टाकतात आणि मग कळतं की अॅपल म्युझिकचं लिनक्ससाठी अॅपच नाही, आणि ब्राउझरमधून लॉसलेस मिळत नाही. तुम्हाला अॅपलचं लॉसलेसच हवं असेल तर विंडोज, मॅक किंवा चक्क अँड्रॉइड फोन घ्या, या तिन्हींवर ते चालतं. यूट्यूब म्युझिकमध्ये लॉसलेस नाहीच, तिथे सिस्टीमवर डोकं खपवू नका. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये लॉसलेस जाहीर केलं, २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत, आपल्या प्लॅनमध्ये ते आहे का, हे पैसे भरण्याआधी बघा. त्याचं लिनक्सचं अॅप आहे, पण कंपनी त्याला अधिकृत सपोर्ट देत नाही.

काकांकडे मुलीच्या फॅमिली प्लॅनमधलं स्पॉटिफाय होतं, आणि कपाटात पन्नासेक सीड्या. लॅपटॉप सहाव्या पिढीच्या आय३ चा, म्हणजे विंडोज ११ च्या यादीबाहेरचा. त्यावर मिंट टाकला, सीड्या फ्लॅकमध्ये उतरवल्या.

मग एक परीक्षा घेतली. एकाच रेकॉर्डिंगची सीडीवरची फ्लॅक आणि स्पॉटिफायवरची ३२० ची आवृत्ती. अॅपमधलं नॉर्मलायझेशन बंद केलं आणि दोन्हींचा आवाज जुळवला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण थोडा मोठा आवाज माणसाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. काका पाठ करून बसले, मी दहा वेळा अदलाबदल केली. पेटीचे सूर पावश्रुतीने उतरले तर ओळखणारा माणूस, पण दहापैकी सहाच बरोबर आले. नुसत्या अंदाजाने पाच येतात. दहापैकी नऊ आले असते तर मी मानलं असतं.

काका जरा खट्टू झाले. पण मग म्हणाले, “मगे फाटता काय?”

खरा दोष

फाटत होता तो हेडफोनचा जॅक. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खारी हवा पितळेला काय करते ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पिन काढली तर हिरवट. केबल हलवली की एक बाजू जायची, खरखर यायची, आणि तंबोऱ्याची जवारी म्हणजे नेमकी बारीक स्वरांची गर्दी, ती त्यात हरवायची. दोन-अडीच हजारांचा साधा यूएसबी डॅक आणि नवी केबल लावली. लिनक्स आणि मॅकवर असे डॅक ड्रायव्हरशिवाय चालतात, विंडोज १० मध्येही २०१७ पासून ती सोय आहे. ऐकणं झालं की डॅक आता सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात जातो.

तरी एक ‘घूं’ उरला होता. चार्जर काढला की थांबायचा. हा ग्राउंड लूप: लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडलेले, आणि त्या दोघांमधल्या फरकाचा आवाज स्पीकरमधून येतो. काही जण चार्जरची अर्थिंगची पिन कापतात. कृपा करून असं करू नका, शॉक लागून जीव जाईल. ऑप्टिकल केबल हा चांगला उपाय, कारण तिच्यातून वीज जातच नाही, पण काकांच्या अॅम्प्लिफायरला ते तोंड नाही. वायरमनने अर्थिंग तपासलं तेव्हा कळलं की खड्ड्याकडे कित्येक वर्षं कुणी पाहिलंच नव्हतं. ते नवं केलं, दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर आणली, आणि घूं गेला.

नेटचं काय?

सीडीच्या दर्जाला सेकंदाला एक ते दीड मेगाबिट पुरे. कच्च्या हिशेबाने तासाला ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये त्याहून बरंच कमी. अडचण वेगाची नव्हती, भिंतींची होती. चिऱ्याची जाड भिंत ५ गिगाहर्ट्झचं वायफाय गिळून टाकते. राउटर माजघरात, काका पडवीत. २.४ वर आणल्यावर भागलं, नाहीतर लॅन केबल ओढावी लागली असती. साधीच घ्या. महागड्या ‘ऑडिओफाइल’ लॅन केबलने आवाज सुधारत नाही, कारण माहिती आधी बफरमध्ये जमा होते आणि चुकलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. नेट खराब असेल तर गाणं थांबेल, मंद किंवा पिवळट वाजणार नाही. राउटर इन्व्हर्टरवर ठेवा आणि आवडीचं डाउनलोड करून ठेवा. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतरचे अंधाराचे दिवस इथे कुणी विसरलेलं नाही.

आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या पाटीला भुलू नका. केसरबाई केरकरांचं गाणं १९७७ साली व्हॉयेजरबरोबर अवकाशात गेलं, पण त्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकडीत जे नोंदलंच गेलं नाही, ते मोठ्या फाइलमध्ये कुठून येणार? तिथे फरक पडतो तो तबकडी किती स्वच्छ होती आणि उतरवणाऱ्याने खरखर काढताना आवाजही खरवडला का, याने.

ठेव अजून बँकेत आहे. आता काकांनी भजनांच्या चाळीसेक कॅसेट बाहेर काढल्यात, काहींना बुरशी धरलीय. त्या उतरवायला लाइन-इन असलेला वेगळा यूएसबी इंटरफेस लागेल, आपला डॅक फक्त बाहेर पाठवतो. पावसाआधी ते काम करायचं ठरलंय.