जेवणावरचा चहा आणि रक्तातले लोह

ताटावरून उठले की कपभर चहा, ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे. बायकांचे तर पुष्कळदा जेवण आणि चहा एकत्रच होतात. सर्वांची पाने आटोपल्यावर उरलेली भाजी, अर्धी भाकरी आणि सोबत चहा! उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, जिना चढताना धाप लागते. पण त्याचा या कपाशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. याची कारणे अनेक आहेत. मासिक पाळीत अधिक रक्त जाणे, लागोपाठची बाळंतपणे, आतड्यातील आकडेकृमी, आणि बाईने शेवटी जेवायचे ही आपली रीत. पण लोहाची कमतरता हे त्यातील मोठे कारण, आणि त्यावर थोडाफार इलाज स्वयंपाकघरातच आहे.

"आम्ही तर रोज बाजरीची भाकरी खातो," असे कोणी म्हणेल. बाजरीत लोह चांगलेच असते, शंभर ग्रॅमला सुमारे सहा मिलिग्रॅम. मात्र ताटातले सगळे लोह रक्तात जात नाही. शाकाहारी जेवणातील लोहाचा जेमतेम दहावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी, शरीराला मिळतो. म्हणूनच स्त्रीच्या रोजच्या आहारात २९ मिलिग्रॅम लोह असावे, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितले आहे.

बाकीचे जाते कुठे? घास चावताना त्यात लाळ मिसळते, मग तो जठरात उतरतो. तेथील आम्लामुळे अन्नातील लोह सुटे होते आणि विरघळते. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात ते शोषले जाते. आतडे लांबच लांब असले तरी लोहाचे काम मुख्यतः या वीतभर जागेतच उरकायचे असते. धान्य-कडधान्यांतील फायटेट आणि चहातील टॅनिन नेमके येथे आडवे येतात. ती लोहाला धरून ठेवतात, आणि असे बांधले गेलेले लोह शौचावाटे निघून जाते. जेवण जठरात दोन-चार तास असते. त्यामुळे हात धुऊन घेतलेला चहाही त्याला गाठतोच. कॉफीचेही तसेच.

याउलट लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो यांतील 'क' जीवनसत्त्व लोहाला शोषणयोग्य रूपात ठेवते. लिंबू मात्र पानावर बसल्यावर पिळावे. उकळत्या आमटीत घातले तर हे जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. मटकी, मूग मोड आणून खाल्ले की त्यांतील फायटेट कमी होते. इडली-आंबोळीचे पीठ आंबवल्यानेही तेच साधते. लोखंडी कढईत आंबट भाजी केली तर थोडे लोह भाजीत उतरते. भाजी काळपट दिसते खरी, पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मासे-मटण खाणाऱ्यांना त्यातील लोह अधिक सहज मिळते. गुळाविषयी मात्र आपल्याकडे फार मोठा भरवसा आहे, तेवढा तो पुरा पडत नाही.

चहा सोडा, असे सांगून कोणी ऐकणार नाही, आणि तशी गरजही नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर तो टाळला म्हणजे झाले. न्याहारीच्या पोळीबरोबरचा चहाही यात आलाच.

हिमोग्लोबिन बरेच खाली गेले असेल तर मात्र लिंबू पिळून भागणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्याच लागतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत. कॅल्शियमची गोळी चालू असल्यास ती दुसऱ्या वेळेला घ्यावी. लोहाच्या गोळ्यांनी शौचास काळी होते, त्याला भिऊन औषध बंद करू नये. पण गोळ्या चालू नसताना शौचास डांबरासारखी काळी होऊ लागली, किंवा पुरुषाचे अथवा पाळी गेलेल्या स्त्रीचे रक्त कमी निघाले, तर आहाराला दोष देत न बसता लगेच तपासणी करून घ्यावी. अशा वेळी पोटात कोठेतरी रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते.