प्रोस्टेटचा कर्करोग : संकोच नको, वेळेवर तपासणी हवी

घरातील बुजुर्ग रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात. धार बारीक झालेली असते, नंतरही थेंब गळत राहतात. कपडे पाक राहतील की नाही, या काळजीने काहीजण मशिदीत जाणे कमी करतात, प्रवास टाळतात, पाणीसुद्धा कमी पितात. मात्र घरात कुणालाच सांगत नाहीत. ‘वय झाले की असे व्हायचेच,’ एवढ्यावर विषय संपतो.

बहुतेकदा ते खरेही असते. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी फक्त पुरुषांना असते. ती मूत्राशयाच्या खाली असून लघवीची नळी तिच्या मधून जाते. वयाबरोबर ती वाढते आणि नळी दाबली जाते. ही वाढ कर्करोगाची नसते आणि तिच्यावर चांगली औषधे आहेत. कर्करोगाची तऱ्हा वेगळी. तो बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, नळीपासून दूर सुरू होतो. त्यामुळे सुरुवातीला काहीच त्रास होत नाही. कंबर किंवा हाडे दुखू लागतात, तेव्हा अनेकदा तो हाडांपर्यंत पोहोचलेला असतो. म्हणून त्रास आहे म्हणजे कर्करोगच, असे नाही. आणि त्रास नाही म्हणजे सगळे ठीक, असेही नाही.

तपासणी कोणी आणि कशी करावी?

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनी पीएसए या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलावे. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार झाला असेल तर धोका दुपटीहून अधिक असतो. त्यांनी पंचेचाळिशीतच विचारावे. घरातील स्त्रियांना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगावे. काही कुटुंबांत एकच जनुकीय दोष दोन्हीकडे धोका वाढवतो. सत्तरीनंतर लक्षणे नसताना सरसकट तपासणी सहसा सुचवली जात नाही. लक्षणे असतील, लघवीतून रक्त जात असेल, तर मात्र वय न पाहता दवाखाना गाठावा.

पीएसए 4 पेक्षा जास्त आले की घरात रडारड सुरू होते. तसे करू नये. लघवीतला जंतुसंसर्ग, साधी वाढ, नुकतीच घातलेली लघवीची नळी यांनीही हा आकडा वाढतो. उलट, प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडच्या गोळ्या सहा महिने ते वर्षभर चालू असतील तर तो साधारण निम्माच दिसतो. त्यामुळे डॉक्टरांना चालू औषधांची नावे जरूर सांगावीत. गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी काही सेकंदांची असते. तिला लाजू नये. शंका राहिली तर एमआरआय आणि गरज असेल तर सुईने तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी. आजार किती आक्रमक आहे, हे बायोप्सीच्या ग्लिसन गुणांवरून कळते.

लगेच शस्त्रक्रियाच हवी का?

नाही. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच आजार असलेल्या 1643 पुरुषांचे तीन गट करण्यात आले होते. एका गटावर नियमित लक्ष ठेवले, दुसऱ्यावर शस्त्रक्रिया केली, तिसऱ्याला किरणोपचार दिले. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. तिन्ही गटांत मिळून या कर्करोगाने दगावलेले तीन टक्क्यांहून कमी होते. मात्र केवळ लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचे प्रमाण जास्त होते. सौम्य आजारात ठरावीक काळाने तपासण्या करत थांबणे, हाही उपचारच आहे. आक्रमक आजारात मात्र थांबू नये.

लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया

पूर्वी बेंबीखाली मोठी चीर देऊन ग्रंथी काढत. आता पोटावर पाच-सहा लहान छिद्रे पाडून, दुर्बीण आत घालून ती काढता येते. रोबोटच्या मदतीने हेच काम होते तेव्हा रोबोट स्वतः काही करत नाही. शेजारी यंत्रावर बसलेले सर्जन त्याचे हात चालवतात. प्रोस्टेटसाठी ही पद्धत रुळवणाऱ्यांत अमेरिकेतील डेट्रॉईट येथे काम केलेले भारतीय वंशाचे डॉ. मणी मेनन यांचे नाव अग्रणी आहे. रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर घरी जातो. लघवीची नळी मात्र साधारण आठवडाभर ठेवावी लागते.

पण रोबोट म्हणजे जादू नव्हे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे रोबोटची आणि जुन्या पद्धतीची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. लघवीवरचा ताबा आणि वैवाहिक संबंध याबाबतीत दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. म्हणून शेत किंवा दागिने विकून रोबोटच हवा, असा हट्ट नको. सर्जनचा अनुभव जास्त महत्त्वाचा. अशा किती शस्त्रक्रिया केल्या, हे त्यांना मोकळेपणाने विचारावे. किरणोपचार हाही तोलामोलाचा पर्याय आहे. सरकारी योजनेत काय बसते, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

नंतरचे दिवस

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे ते काही महिने लघवी गळू शकते. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम केल्याने बहुतेकांना ताबा परत मिळतो. तोवर पॅड वापरावेत. वैवाहिक संबंधांवरही परिणाम होऊ शकतो. त्यावर औषधे आहेत, म्हणून शस्त्रक्रियेआधीच पती-पत्नीने मिळून डॉक्टरांशी बोलावे.

लघवी गळते म्हणून नमाज सोडण्याची गरज नाही. सतत गळती असणाऱ्याला शरीअतने माजूर मानून सवलत दिली आहे. वुजू केव्हा आणि कसा करावा, हे आपल्या मसलकच्या आलिमांकडून समजून घ्यावे.

वडील आपल्या मुलाला हे स्वतःहून सांगणार नाहीत. तेव्हा मुलांनीच विचारावे, “अब्बा, रात्री किती वेळा उठता?” साखर आणि रक्तदाब तपासायला नेताना पीएसएबद्दलही त्याच डॉक्टरांना विचारता येईल.