एका माणसाचा तंबू आणि पेलाभर दव

जानेवारीतली पहाट. रायगड जिल्ह्यातल्या काशिदच्या किनाऱ्यामागे उघड्या माळावर एकट्या माणसाचा छोटा तंबू उभा आहे. पाऊस जाऊन तीन महिने झाले, आकाशात ढगाचा मागमूस नाही. तरीही छताला आतून बोट लावलं की पाण्याचा ओघळ सुटतो आणि स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक ओलं लागतं. नवख्या भटक्याला वाटतं, कापड गळलं. कापड मुळीच गळलेलं नसतं. त्या पाण्याचा मोठा वाटा त्याच्याच नाकातोंडातून बाहेर पडलेला असतो!

थोडा हिशेब करून पाहू. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण 25 ते 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतो. आठ तासांत झालं पेलाभर. आता तंबूतली हवा पाहा. एकट्याच्या तंबूत जेमतेम एक-सव्वा घनमीटर हवा मावते. 20 अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 17 ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते, आणि समुद्रकाठची हवा रात्री आधीच 80 टक्के भरलेली असते. म्हणजे जागा उरली चार ग्रॅमची. दारं-खिडक्या बंद केल्या, तर पंधरा मिनिटांच्या आत ही हवा काठोकाठ भरते. पुढच्या प्रत्येक श्वासातली वाफ कुठेतरी पाणी होऊन बसणारच.

ती छतावरच का बसते? कारण रात्री तंबूचं कापड आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतं. निरभ्र आकाशाकडून त्याला फारशी उष्णता परत मिळत नाही, त्यामुळे ते भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. गवतावर दव पडतं तेही याच कारणाने. कापड जितकं पातळ, तितका त्यातला उष्णतेचा साठा कमी आणि तितकं ते लवकर गार होणार. वजन वाचवायला आपण हलकं कापड घेतो आणि तेच दवाला सर्वात आधी बोलावतं. हाच तंबू सुरूच्या बनात लावला, तर डोक्यावरच्या फांद्या थोडी उष्णता परत देतात आणि सकाळी कापड बरंच कोरडं मिळतं. चार पावलांवरच्या दोन जागांत एवढा फरक पडतो.

म्हणून रायगडच्या किनाऱ्यासाठी तंबू निवडताना ‘पाणी आत येईल का’ याच्याआधी ‘वाफ बाहेर जाईल का’ हे विचारायला हवं. कापडावर 3000 मिलिमीटर असा आकडा लिहिलेला असतो. त्याचा अर्थ, तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते कापड झिरपत नाही. पावसाळ्यात ही मोठीच गोष्ट. पण अलिबाग ते हरिहरेश्वर ही पायी वाट लोक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत धरतात आणि त्या दिवसांत पाऊस जवळपास नसतोच.

या किनाऱ्यावर वाफ बाहेर काढायला निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन समुद्राच्या आधी निवते आणि पहाटेपर्यंत वारा फिरून जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हे मतलई वारे. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी मतलईवर पहाटे बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. तंबूसाठी याचा अर्थ असा, की झोपताना समुद्राकडच्या दारातून येणारी झुळूक पहाटे पाठीमागून येते, आणि दव सर्वात जास्त पडतं ते पहाटेच. एकाच बाजूला दार असलेला तंबू तेव्हा गुदमरतो. डोक्याकडे आणि पायाकडे, दोन्हीकडे हवेला वाट असेल, तर वारा कुठूनही येवो, तो वाफ घेऊनच बाहेर पडतो.

आतला कप्पा, म्हणजे इनर, पूर्ण जाळीचा घ्यावा आणि त्यावर सुटं बाहेरचं कापड, म्हणजे आउटर, असावं. वाफ जाळीतून निघून आउटरला लागते, तिथे पाणी होते आणि कडेने जमिनीवर उतरते. झोपणारा कोरडा राहतो आणि डासही बाहेर राहतात. एकाच कापडाचे तंबू अर्ध्या किलोपर्यंत खाली येतात, त्यामुळे मोह होतो. कोरड्या, थंड पहाडात ते छान चालतील, पण या दमट हवेत तेच कापड आपल्या तोंडापासून वीतभर अंतरावर ओलं होतं. लांबीही पाहावी. तंबू आपल्या उंचीपेक्षा फूटभर तरी लांब हवा, नाहीतर पाय रात्रभर ओल्या कापडाला घासत राहतात.

कापडाची गोष्ट तर थक्क करणारी आहे. त्याच्या धाग्याची जाडी डेनिअरमध्ये मोजतात: 9 किलोमीटर लांब धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. रेशमाच्या किड्याचा एक तंतू साधारण एक डेनिअरचा असतो. चांगल्या हलक्या तंबूचं कापड 15 ते 20 डेनिअरचं असतं. म्हणजे अलिबागहून निघून नागावला पोहोचेल एवढ्या लांबीचा धागा गुंडाळून तळहातावर घेतला, तर तो 20 ग्रॅम भरेल. अशा धाग्याच्या भिंतीआड माणूस रात्र काढतो!

हा धागा नायलॉनचा असतो किंवा पॉलिएस्टरचा. नायलॉन तसा चिवट, पण तो दवाने ओलावा शोषून सैल पडतो आणि संध्याकाळी ताणून लावलेला तंबू मध्यरात्री पोटात ओघळलेला दिसतो. पॉलिएस्टर पाणी फारच कमी शोषतो आणि उन्हातही जास्त टिकतो. किनाऱ्यासाठी म्हणूनच तो उजवा. कापडावरचा लेपही विचारून घ्यावा. स्वस्त लेप पॉलियुरेथेनचा असतो आणि उष्ण, दमट हवेत तो हळूहळू विघटित होतो. कोकणातल्या कपाटात दोन-चार पावसाळे दुमडून ठेवलेला तंबू उघडला की हाताला चिकटतो आणि कुबट वास येतो, तो यामुळेच. सिलिकॉनचा लेप असा कुजत नाही.

वाळूवर आणखी एक अडचण येते. तंबू रोवायचे साधे पेग कोरड्या वाळूतून अलगद सुटून येतात. त्याला उपाय सोपा आहे. छोट्या कापडी पिशवीत वाळू भरायची, तिला दोरी बांधायची आणि पिशवी फूटभर खोल पुरायची. वरच्या वाळूचा भार तिला दाबून धरतो. तरीही आपल्या दांड्यांवर स्वतः उभा राहणारा तंबू इथे जास्त सोयीचा. दांडे अॅल्युमिनियमचे घ्यावेत. फायबरग्लासचे जड असतात आणि तुटले की त्यांच्या चिरफळ्या निघतात.

जागेचं गणित किनाऱ्यावरच्या लोकांकडून शिकावं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. दुपारी आणि पहाटेही. आपण गाढ झोपेत असताना पाणी सर्वात वर येणार. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी वाळूवर सर्वात दूरपर्यंत चढतं, आणि ती भरती मध्यरात्रीच्या आसपास असते. सुकलेल्या कचऱ्याची सर्वात वरची रेघ शोधावी आणि तिच्याही बरंच मागे जावं. मागे गेल्यावर मान वर करून पाहावं. नारळाखाली तंबू कधीही लावू नये. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यातली कितीतरी सुरूची झाडं पाडली, म्हणून बनातही सुकलेल्या किंवा लोंबत्या फांद्या हेरून जागा निवडावी. वाडीत उतरायचं तर मालकाला विचारूनच उतरावं. दिवेआगर आणि हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. तिथे वाळूवर मुक्काम नको आणि समुद्राच्या दिशेने दिवाही नको, कारण उजेडाने पिल्लं वाट चुकतात.

आता वजन. कोरड्या सैल वाळूत चालायला टणक जमिनीच्या जवळपास दुप्पट शक्ती लागते, तेव्हा प्रत्येक ग्रॅमचा विचार करणं योग्यच आहे. जाहिरातीतला आकडा मात्र बहुधा फक्त कापड आणि दांड्यांचा असतो. पेग, दोऱ्या आणि पिशव्या धरून किती, ते वेगळं विचारावं. आउटर, जाळीचा इनर आणि अॅल्युमिनियमचे दांडे असलेला एकट्याचा तंबू सव्वा-दीड किलोत मिळतो आणि या वाटेला तो पुरेसा हलका आहे. परत आल्यावर तो गोड्या पाण्याने धुवावा, चेनमधली वाळू झटकावी आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नये.

1930 साली याच किनाऱ्यावर, किहीमला, पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण करत होते. नर घरटं अर्धंच विणून थांबतो, माद्या येऊन ते तपासतात आणि पसंत पडलं तरच संसार मांडतात, हे त्यांनी तिथे नोंदवलं. तंबू घेतानाही पारख अशीच व्हावी. दुकानात तो उभा करायला सांगा, आत शिरून आडवे व्हा, आणि हवा कुठून येईल व कुठून जाईल ते शोधा. या दोन वाटा सापडल्या नाहीत, तर तंबू कितीही हलका असो, रायगडच्या किनाऱ्यासाठी तो घेऊ नका.