पडद्यावरचे खेळ आणि बालकांचे पहिले गणित

शाळा सुटून मूल घरी येते, हातपाय धुऊन खाणे होते आणि मग बहुतेक घरांत एकच मागणी कानी पडते: फोन हवा. आई क्षणभर नकार देते आणि मग म्हणते, "बरं, पण गणिताचाच खेळ खेळायचा हं." या एका अटीने सर्वांचेच समाधान होते. मुलाला फोन मिळतो, आईला अर्धा तास मिळतो, आणि नातवाचा वेळ काही अगदीच वाया जात नाही, असे आजी-आजोबांनाही वाटते. त्या अर्ध्या तासात मूल नेमके काय शिकले, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

हा प्रश्न किरकोळ नव्हे. पहिली-दुसरीत "गणितात कच्चा" हा शिक्का एकदा बसला की तो पुसणे फार कठीण जाते, कारण काही दिवसांनी मूल स्वतःच तो खरा मानू लागते. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले, तेही तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक बालकाला वाचन आणि अंकज्ञान यावे याच उद्देशाने. तिसरीनंतरची पुस्तके हा पाया गृहीत धरूनच पुढे जातात. आपल्याकडे व्यापारी घरांत "हिशेब आमच्या रक्तातच आहे" असे अभिमानाने म्हटले जाते. परंतु जुन्या पिढीला हिशेब आला तो दुकानात गल्ल्यापाशी बसून, सुटे पैसे मोजून, उरलेले परत करून. आज क्यूआर कोडने व्यवहार होतात. गिऱ्हाईक फोन दाखवते, यंत्र रक्कम उच्चारते, आणि शेजारी बसलेल्या सहा वर्षांच्या नातवाच्या हाती नाणे म्हणून पडत नाही. जे हातांनी होत होते ते आता पडद्यावर होणार असेल, तर तेथे काय होते हे पाहणे भागच आहे.

प्रथम या वयात शिकायचे काय असते, ते पाहू. वरवर पाहता शंभरपर्यंत पाठ म्हणणे म्हणजे मोजता येणे असे वाटते. पण चार वर्षांच्या मुलापुढे पाच चिंचोके ठेवून मोजायला सांगावे. ते "एक, दोन, तीन, चार, पाच" असे बिनचूक म्हणते. लगेच विचारावे, "मग किती आहेत?" अनेक मुले उत्तर न देता पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात. शेवटी उच्चारलेली संख्या हीच सगळ्या चिंचोक्यांची संख्या, हे त्यांना अद्याप उमगलेले नसते. त्यानंतर दोन-तीन वस्तू न मोजता एका दृष्टिक्षेपात ओळखणे, आठ हे पाचापेक्षा किती मोठे याचा अंदाज येणे, आणि दहा ही संख्या सात-तीन, सहा-चार अशी कोठेही फोडता-जोडता येणे, एवढे आले की बेरीज-वजाबाकीचे निम्मे काम झाले. यांतली कोणतीही गोष्ट घोकून येत नाही. ती हाताळून येते, आणि म्हणूनच येथे खेळाला स्थान आहे.

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात गीता रमणी आणि रॉबर्ट सीगलर या संशोधकांनी २००८ मध्ये या संदर्भात एक अगदी साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गरीब घरांतील चार-पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी एक पट खेळायला दिला. पटावर एका सरळ ओळीत दहा घरे, त्यांत एक ते दहा अंक, आणि फिरवायला एक चकती. चकतीवर एक आले तर एक घर पुढे, दोन आले तर दोन घरे. अट एवढीच की सोंगटी सरकवताना घरातील अंक मोठ्याने म्हणायचा. दुसऱ्या गटाला हाच पट दिला, पण त्यावर अंकांऐवजी रंग होते. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांची चार सत्रे झाली. अंकांचा पट खेळलेली मुले मोजणे, अंक ओळखणे, लहान-मोठे सांगणे आणि संख्येची जागा रेषेवर दाखवणे या चारही बाबतींत पुढे गेली, आणि नऊ आठवड्यांनंतरही तो लाभ टिकून होता. रंगांचा पट खेळलेल्या मुलांत असा फरक पडला नाही. मौज दोन्ही गटांना सारखीच मिळाली होती.

हे वाचताना सापशिडी आठवल्यावाचून राहत नाही. सापशिडीचे जुने जैन पट ज्ञानबाजी या नावाने ओळखले जातात, त्यांतील अनेकांत ८४ घरे असतात. त्यांचा हेतू अर्थात निराळा होता. आजच्या बाजारातील सापशिडीत गणिताच्या दृष्टीने एक अडचण आहे. नांगराचा बैल शेताच्या टोकाशी वळावा तशी अंकांची ओळ प्रत्येक टप्प्यावर उलट फिरते, त्यामुळे तेरा, तेवीस, तेहतीस हे एकाखाली एक येत नाहीत. पुढे, २०१४ मध्ये, सीगलर आणि एलिडा लास्की यांनी शंभरपर्यंतचा पट वापरला तो सर्व ओळी डावीकडून उजवीकडे जाणारा. त्यातून आणखी एक उपयुक्त गोष्ट निघाली. सोंगटी पंधरावर असताना दोन आले, तर "एक, दोन" म्हणत सरकणाऱ्या मुलांना फारसा लाभ झाला नाही. "सोळा, सतरा" म्हणणाऱ्यांना झाला. आपल्या घरी सोंगटी चालवताना आपण मोठी माणसेही बहुधा "एक, दोन"च म्हणतो. एवढी सवय बदलली तरी घरातली जुनी सापशिडी पुन्हा कामाची ठरेल.

आता फोनकडे वळू. गणिताचे म्हणून जे खेळ मिळतात त्यांतील बरेचसे, स्पष्टच सांगायचे तर, रंगीत कपडे घातलेल्या चाचण्या असतात. गाडी धावते, वाटेत फाटक लागते, फाटकावर "३ + ४" लिहिलेले असते, खाली तीन उत्तरे असतात. बरोबर उत्तरावर बोट ठेवले की फाटक उघडते आणि गाडी पुन्हा धावू लागते. येथे मौज गाडीत आहे आणि गणित हा टोलनाका आहे. मुले हुशार असतात. टोल चुकवण्याची युक्ती त्यांना दोन दिवसांत सापडते: तिन्ही उत्तरांवर भराभर बोट आपटायचे, एक तर लागेलच. पडद्यावर तारे जमत राहतात, प्रगतीचा आलेख चढत राहतो, आणि "माझी मुलगी चौथ्या पातळीवर पोहोचली" असे पालक कौतुकाने सांगतात. त्या पातळीत बेरीज कितपत आहे आणि बोटांची चपळाई कितपत, हे मुलीच्या पाठीमागे पाच मिनिटे उभे राहिल्याशिवाय कळणार नाही.

खेळ पारखण्यासाठी माझ्या मते एक प्रश्न पुरेसा आहे: मूल चुकले की खेळ काय करतो? नुसताच बेसूर आवाज काढून पुढचे गणित समोर टाकत असेल, तर तो खेळ शिकवत नाही. चुकीचा परिणाम डोळ्यांना दिसत असेल, म्हणजे सातच्या जागेत आठची पट्टी ठेवली असता ती बाहेर डोकावत असेल, तर कोणीही न सांगता मूल स्वतःला सुधारते. घड्याळ लावून घाई करणारे खेळ या वयात तरी टाळावेत. वेग समजुतीनंतर येतो.

चांगल्या खेळांत गणित हीच खेळी असते. 'ड्रॅगनबॉक्स नंबर्स' या नॉर्वेत जन्मलेल्या खेळात एक ते दहा या संख्या म्हणजे दहा गमतीदार प्राणी आहेत आणि प्रत्येकाची उंची त्याच्या संख्येइतकी. पाचाच्या प्राण्यावर बोट ओढून त्याचे दोन आणि तीन असे भाग करता येतात, एकाने दुसऱ्याला गिळले की तो बेरजेइतका उंच होतो. दहा कसे फोडावे हे मूल तेथे अक्षरशः बोटांनी शिकते. 'द नंबर रेस' हा खेळ ॲना विल्सन, स्तानिस्लास देहाएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास, संख्यांचा अर्थ लागण्यात अडचण येणाऱ्या मुलांसाठी तयार केला. दोन ढिगांतला मोठा ढीग निवडायचा आणि तेवढी घरे पुढे जायचे. मूल साधारण शंभरांतील पंचाहत्तर वेळा बरोबर येईल इतपत तो आपली काठिण्यपातळी कमीजास्त करीत राहतो. मात्र फिनलंडमध्ये त्याची चाचणी झाली तेव्हा मुलांची संख्यांची तुलना सुधारली, इतर अंकगणित फारसे सुधारले नाही. ज्याचा सराव झाला तेवढेच आले. खेळाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये, हे यावरून ध्यानात यावे.

खर्च न करता काही हवे असेल, तर कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा उपक्रम पाहावा. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. तेथील 'मेक अ टेन' या खेळात एक संख्या ओढून दुसरीवर ठेवली की दोन्ही एक होतात आणि पुन्हा ओढून सुट्या करता येतात. आठ आणि पाच जोडताना पाचातून दोन काढून आठाचे दहा करणे, ही आपल्या आजोबांची तोंडी हिशेबाची रीत, तेथे डोळ्यांसमोर घडते. जाहिराती नाहीत, पैसे नाहीत, एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटही लागत नाही, आणि या उपक्रमातील बरेच साहित्य मराठीत उपलब्ध आहे.

मराठी हा मुद्दा येथे जरा विस्ताराने मांडला पाहिजे. बहुतेक खेळ इंग्रजीत बोलतात. 'ट्वेंटी वन' म्हणताना वीस आधी आणि एक नंतर, ज्या क्रमाने अंक लिहिले जातात त्याच क्रमाने ऐकू येतात. आपल्या 'एकवीस'मध्ये एक आधी आणि वीस नंतर. 'एकोणतीस' ऐकताना तर तीस कानी पडतात आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ, म्हणजे शब्दातच एक वजाबाकी दडलेली. एकोणनव्वदपर्यंत हा नियम अंगवळणी पडतो न पडतो तोच शंभराच्या आधी 'नव्याण्णव' येऊन उभे राहते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन दिले तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते! जुने शब्द रद्द झालेले नाहीत, ही मुलांच्या सोयीसाठी दिलेली जोड आहे, असे गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर सांगत राहिल्या. भाषेचे सौष्ठव प्रिय असणाऱ्यांना तो बदल रुचला नाही हे समजण्यासारखे आहे. पण त्यांनी दाखविलेली अडचण खरी होती. इंग्रजी खेळ खेळणाऱ्या मराठी मुलाला ती दुप्पट जाणवते. त्याचे साधे उत्तर असे की खेळताना आईने किंवा आजीने शेजारी बसून "एकवीस, म्हणजे वीस आणि एक" असे दोन्ही म्हणत राहावे.

अंकांच्या आकारांचेही तसेच. आपला १ आणि इंग्रजी नऊ, आपला ४ आणि इंग्रजी आठ हे दिसायला इतके जवळचे आहेत की मराठी शाळेतील मूल खेळात चुकते तेव्हा ती चूक गणिताची आहे की लिपीची, हे आधी तपासावे. खेळ सुरू करण्यापूर्वी एका कागदावर दोन्ही अंक शेजारी शेजारी लिहून तो कागद फोनजवळ ठेवला तर बरीच रडारड वाचते.

शेजारी बसण्याचे मोल संशोधनातही दिसले आहे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये पहिलीच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. पालकांनी मुलासोबत टॅबलेटवर एक छोटी गणितगोष्ट वाचायची आणि तिच्याखालचे प्रश्न मिळून सोडवायचे. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, त्यांच्या मुलांना याचा लाभ विशेष झाला, आठवड्यातून एकदा वाचले तरीही. त्या आकडेमोडीवर नंतर शंका घेतल्या गेल्या हेही सांगायला हवे. पण "मला तर बाई गणित कधी जमलंच नाही" असे मुलांदेखत सहज बोलून जाणाऱ्या आपल्या घरांना तो विचार करायला लावणारा आहे. शेजारी बसून शिकवण्याची गरज नाही. "तुला कसं कळलं?" एवढे विचारावे आणि उत्तर मधेच न तोडता ऐकावे.

फुकट खेळांतील जाहिराती ही निराळी कटकट. मूल तारा दाबायला जाते आणि भलत्याच दुकानात पोहोचते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांचा मागोवा घेण्यावर आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर बंदीची तरतूद आहे. तरीही खेळ उतरवताना तो संपर्कयादी किंवा ठिकाण मागत असेल, तर अंक शिकवायला त्याची गरज काय, असा प्रश्न करून तो काढून टाकावा. वेळेच्या बाबतीत, पाच वर्षांखालील मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक पडदा नको असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. गणिताच्या खेळाला तर पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. पिट्सबर्गच्या मुलांनाही तेवढीच पुरली होती.

दोन आठवडे असे खेळून झाल्यावर फोन बाजूला ठेवावा आणि आठ चिंचोके घ्यावेत. मुलाने ते स्वतः मोजावेत. मग त्याला डोळे मिटायला सांगून तीन चिंचोके वाटीखाली झाकावेत आणि विचारावे, "वाटीखाली किती?" एखादे मूल बाहेरचे पाच पाहून लगेच "तीन" म्हणेल. दुसरे पाचाच्या पुढे "सहा, सात, आठ" असे बोटांवर मोजेल, तेही उत्तमच. तिसरे वाटी उचलू पाहील. त्याला ती उचलू द्यावी, मोजू द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी आठांऐवजी पाच चिंचोके घेऊन पुन्हा मांडावे.