दावा चालेल तोवर चूल कशी पेटेल?

नवरा-बायकोचे पटेनासे झाले, की गोष्ट कधी कधी काडीमोडापर्यंत जाते. घटस्फोटाचा दावा कोर्टात जातो. तारखेवर तारीख पडते. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. लेकरांना घेऊन माहेरी आलेल्या बाईने तोवर खायचे काय?

याकरिता कायद्यात सोय आहे. तिला अंतरिम पोटगी म्हणतात. अंतरिम म्हणजे मधल्या काळापुरती. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याच्या कलम २४ मध्ये ही सोय आहे. दाव्याचा खर्चही मागता येतो. (कमाई नसलेला नवरासुद्धा बायकोकडे मागू शकतो. हे सांगितले की आमच्या मावळात लोक हसतात. पण कायदा तसाच आहे.) पोटगी मिळाली म्हणजे दावा जिंकला असे नाही. चूक कोणाची, ते मागाहून ठरते.

खरे भांडण होते ते कमाईवर. समजा, लोणावळ्याकडचा एक गडी आहे. पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतो, जीप चालवतो. कोर्टात मात्र म्हणतो, "साहेब, माझे भाताचे एकच पीक." बायको चिक्कीची पाकिटे भरून मजुरी मिळवते. तीही म्हणते, "मला दमडी मिळत नाही." खोटे उघडे पडले, की कोर्ट पुढचे खरेही मानत नाही.

पोटगीचाच एक तंटा नागपूरचा. बाईने २०१३ साली अर्ज दिला. २०१५ साली तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने तिला महिना १५,००० रुपये आणि मुलाला वेगळे पैसे बांधून दिले. नवरा वर गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला ४ नोव्हेंबर २०२० रोजी. मधल्या काळाच्या पोटगीलाच सात वर्षे! त्या निकालाने सगळ्या कोर्टांना नियम घालून दिले. दोघांनीही कमाई, मालमत्ता आणि कर्ज शपथेवर लिहून द्यायचे. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची.

ही तारीख ध्यानात ठेवा. "बघू, समेट होईल," म्हणून सहा महिने थांबलात, तर त्या सहा महिन्यांची पोटगी गेली. अर्ज दिल्यावरही समेट करता येतोच की!

वकिलाला पैसे नसतील, तर वडगावच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे जावे. बाईला तिथे वकील फुकट मिळतो. तिची कमाई किती, ते बघत नाहीत. लोणावळ्याहून पुण्याची लोकल वडगावला थांबते. जाताना लग्नाचा दाखला, पासबुक, मुलांच्या शाळेच्या पावत्या आणि नवऱ्याच्या जमिनीचा सातबारा बरोबर न्यावा.