वाटाड्याची शिदोरी

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारसायकलच्या पोटात हात घालू नये. ज्याला ‘संधी’ म्हटले की व्यंजनसंधी आठवतो, त्याने तारांचे सांधे जोडण्याच्या भानगडीत का पडावे? पण वाचकहो, प्रसंगच तसा आला. आमच्या कन्येला दापोलीच्या कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि ‘मी पुण्याहून माझ्या गाडीनेच जाणार,’ असे तिने जाहीर केले. सौभाग्यवती दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून एवढेच म्हणाल्या, “तिला रस्ता तरी नीट कळेल असं काहीतरी बघा.”

त्या ‘काहीतरी’चे नाव सॅटनॅव्ह. आपण त्याला वाटाड्या म्हणू.

“मोबाईलवर नकाशा असतो की!” असे आपण म्हणाल. मीही म्हटले होते. परंतु ताम्हिणीच्या घाटात मोबाईलची रेंज कुठल्या वळणावर दगा देईल याचा नेम नाही. शिवाय मोटारसायकलच्या थरथरीने फोनमधला नाजूक कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा 2021 साली ॲपल कंपनीनेच दिला होता. वाटाड्याचे तसे नाही. नकाशे त्याच्या पोटातच भरलेले असतात आणि आपण कुठे आहोत हे तो थेट आकाशाला विचारतो. जमिनीपासून सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून जी.पी.एस.चे उपग्रह अहोरात्र आपापली वेळ पुकारत फिरत असतात. किमान चार उपग्रहांची हाक ऐकू आली, की कोणाची हाक किती उशिरा पोहोचली यावरून हा पठ्ठ्या आपले ठिकाण शोधून काढतो. ही व्यवस्था 1995 साली पूर्णत्वाला गेली. नागरिकांसाठी मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे 2000 मध्ये काढून टाकली आणि वाटाड्याचा शब्द भरवशाचा झाला.

उपग्रह आपल्याकडे काही मागत नाहीत, वाटाड्या मात्र मागतो. भर उन्हात दिसेल असा पडदा उजळत ठेवायचा, तर त्याच्या अंगची बॅटरी काही तासांत मान टाकते. तेव्हा त्याची शिदोरी गाडीच्या बॅटरीतूनच बांधून द्यावी लागते.

आम्ही ती एका रस्त्यावरच्या दुकानात बांधून घेतली. दहा मिनिटांत काम झाले. बॅटरीला दोन तारा पिळल्या, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली, तारा टाकीखालून हँडलपाशी नेल्या आणि वाटाड्या उजळला. मी तर त्या कारागिराला वर बक्षिसीही दिली!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कन्या वाड्याच्या बोळात गाडी वळवीत होती. हँडल पुरते उजवीकडे वळले आणि टाकीखालून पांढरा धूर आला. गाडी बंद केली, किल्ली काढली, तरी धूर थांबेना. तार लाल होऊन वितळत होती आणि वर दोन बोटांवर पेट्रोलची भरलेली टाकी! मी नुसता ओरडत राहिलो. पोरीने हातमोज्यानिशी ती तार बॅटरीपासून हिसकून काढली. हातमोज्याला भाजल्याचा काळा डाग पडला. मी वर पाहिले, तर गॅलरीत सौभाग्यवती उभ्या होत्या. त्यांनी सर्व पाहिले होते.

रात्री तळमजल्यावरचे काका आले. एस.टी.च्या कार्यशाळेत त्यांचा जन्म विजेच्या कामात गेला. जळकी तार बोटांत फिरवीत त्यांनी मला प्रश्न केला, “प्राध्यापकसाहेब, यात फ्यूज घालायचा तर तुम्ही कुठे घालाल?”

“यंत्राजवळ,” मी म्हटले. “महागाचं तेच आहे.”

“नापास!” काका म्हणाले. “फ्यूज यंत्रासाठी नसतो, तारेसाठी असतो. तो बॅटरीजवळ हवा.”

मग त्यांनी समजावले ते असे. गाडीचा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. विजेला परतीचा रस्ता तोच. धन टोकाकडून येणारी तार कुठेही सोलून सांगाड्याला टेकली, की वीज यंत्रापर्यंत जातच नाही, जवळच्या वाटेने परत फिरते. एरवी तारेतून एखादा अँपिअर जायचा, तिथे अनेक पटींनी प्रवाह धावू लागतो. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दसपट, तर उष्णता शंभरपट. आमची तार हँडलच्या सांध्यात चिमटली होती, तिचे आवरण सोलले होते. थेट बॅटरीतून आलेल्या तारेला किल्लीची पर्वा नव्हती. फ्यूज वर यंत्राजवळ असता, तर खालची सगळी तार जळून गेली असती आणि तो मात्र धडधाकट राहिला असता.

“सगळ्यांत दुबळी जागा आपणच ठरवायची,” काका म्हणाले. “नाही ठरवली, तर ती टाकीखाली निघते.”

रविवारी आम्ही तिघे कामाला बसलो. काका सांगत, कन्या करी आणि मी पाने-पकडी देई. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवले. आधी धन टोक सोडवायला जावे आणि पाना सांगाड्याला टेकावा, तर ठिणग्यांची दिवाळीच! जोडताना क्रम उलटा, ऋण टोक सर्वांत शेवटी.

मग हिशेब. वाटाड्याला पाच व्होल्टांवर फार तर दोन अँपिअर, म्हणजे 10 वॅट लागतात. गाडीची बॅटरी बारा व्होल्टांची. चालू गाडीत दाब साडेतेरा ते साडेचौदापर्यंत चढतो, म्हणून मध्ये तो पाचावर आणणारा कन्व्हर्टर बसवला. बारा व्होल्टांच्या बाजूला हा भार एका अँपिअरच्या आसपास येतो. फ्यूज तीन अँपिअरचा घेतला, धन टोकापासून वीतभर अंतरावर. आणि तार तीनपेक्षा पुष्कळ अधिक सहज पेलणारी.

पुढे रिले. हा म्हणजे एक निरोप्या आहे. किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या एका तारेवरून त्याला किंचितसा प्रवाह मिळतो. तो मिळाला, की आत खटका पडतो आणि बॅटरीची वाट वाटाड्याकडे उघडते. किल्ली काढली की बंद. मी विचारले, “मागच्या दिव्याच्या तारेवरच वाटाड्या जोडला तर?” काका म्हणाले, “वाटाड्यात बिघाड झाला, तर त्याच्याबरोबर मागचा दिवाही जाईल. घाटात, धुक्यात, मागून ट्रक येत असताना!” मी पुन्हा विचारले नाही. आणि रिले न घालता कन्व्हर्टर रात्रंदिवस चालू ठेवला तर? तो नुसता बसून 20 मिलिअँपिअर खात असेल, तरी नऊ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी एकोणीस दिवसांत रिकामी! सुटीत गाडी उभी ठेवून यावे, तर ती परत सुरूच व्हायची नाही.

सांध्यांची पाळी आली, तेव्हा मला वाटले की डाख देणे उत्तम. काकांनी मान हलवली. डाख जिथे संपतो तिथे तार ताठर होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. त्याऐवजी धातूची टोपणे पकडीने घट्ट आवळून वर उष्णतेने आकसणारी नळी चढवली. हँडलपाशी तारेला सैल वेढा ठेवला. मग कन्येने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवले. कुठे ताण नाही, कुठे चिमटा नाही. सौभाग्यवती खाली आल्या आणि त्यांनी स्वतः एकविसाव्यांदा फिरवून पाहिले. मग म्हणाल्या, “जाऊ दे आता.”

जूनमध्ये पोर गेली. ऑगस्टमध्ये एका शनिवारी, धो धो पावसात घरी येताना, ताम्हिणीत वाटाड्याचा पडदा काळा झाला. त्याच्या जोडणीत पाणी शिरले होते. फ्यूज उडाला. बस्स, एवढेच झाले. इंजिन चालू होते, पुढचा दिवा चालू, मागचा चालू. तिने एका टपरीवर चहा घेतला, चहावाल्या मावशींना पुढच्या रस्त्याची हकीकत विचारली आणि अंधार पडायच्या आत ती दारात उभी राहिली.

“बाबा, फ्यूज गेला!” हेल्मेट काढता काढता ती म्हणाली.

ज्या यंत्रासाठी इतका खटाटोप केला, ते ऐन घाटात मुके झाले याचे मला वाईट वाटायला हवे होते. पण मला आठवत होता तो हातमोज्यावरचा काळा डाग. मी काकांना हाक मारायला खाली गेलो.

आता ती दिवाळीला यायची आहे. परत जाताना द्यायचा डबा सौभाग्यवतींनी आत्ताच काढून ठेवला आहे. त्यात बेसनाचे लाडू जातील, चिवडा जाईल. आणि तळाशी त्यांनी स्वतः बाजारातून आणलेली एक इवलीशी पुडी आधीच जाऊन बसली आहे. तीन अँपिअरचे पाच फ्यूज!