कलावंत-निवास : चित्रकाराचा पाहुणचार आणि त्याच्या अटी

चित्रकलेच्या सर्व प्रकारांत रेखाटन हा अल्प साधनांत साधणारा प्रकार होय. कागद, पेन्सिल किंवा टाक आणि थोडा उजेड एवढ्यावर त्याचे काम चालते. तांदळाच्या पिठाचे पाणी आणि बांबूची काडी एवढ्याच सामग्रीवर वारली स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या कुडाच्या भिंती सजविल्या. तथापि चित्रकाराला लागणारे एक साधन बाजारात मिळत नाही. ते म्हणजे सलग वेळ. शेती, मजुरी, नोकरी आणि मागणीबरहुकूम करून द्यावयाची चित्रे यांतून जो वेळ उरतो, तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो. काही आठवडे किंवा काही महिने तरी हा वेळ अखंड मिळावा व त्या काळात राहण्याजेवणाची विवंचना नसावी, या हेतूने जगात अनेक ठिकाणी संस्था चालविल्या जातात. ‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ अर्थात कलावंत-निवास या नावाने त्या ओळखल्या जातात.

हा विषय केवळ महानगरांतील कलादालनांपुरता मर्यादित आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पालघर जिल्ह्यातील वारली चित्रकारांना देशातून व परदेशातून निमंत्रणे येत आली आहेत. पाड्यावर असे पत्र आले म्हणजे ते वाचून त्याचा अर्थ सांगण्याची वेळ बहुधा गावातील शिक्षकावर, ग्रामसेवकावर किंवा सरपंचावर येते. जावे की न जावे, किती दिवसांसाठी जावे, तेथे काढलेली चित्रे कोणाची, या प्रश्नांची उत्तरे अशा वेळी त्यांनाच विचारली जातात. म्हणूनच या योजनांचे स्वरूप, त्यांपासून होणारा लाभ आणि त्यांतील धोके यांची माहिती अशा वाचकांस असणे अगत्याचे आहे.

कल्पनेचा उगम

कलावंतास दूरच्या ठिकाणी ठेवून घेऊन त्याचा खर्च सोसण्याची पद्धत जुनी आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकीर्दीत १६६६ साली रोम येथे फ्रेंच कला अकादमीची स्थापना झाली. निवडक तरुण फ्रेंच चित्रकार व शिल्पकार राज्याच्या खर्चाने रोममध्ये राहत आणि प्राचीन कलाकृतींचा अभ्यास करीत. मात्र या पाहुणचाराची परतफेड करावी लागे. रोममधील नामांकित कलाकृतींच्या प्रतिकृती तयार करून त्या राजासाठी पाठविणे, हे त्यांच्या कर्तव्यांपैकी एक होते. आश्रय देणाऱ्याने आश्रिताकडून कामाची अपेक्षा धरावी, ही गोष्ट त्या काळी स्वाभाविक मानली जात होती.

आधुनिक कलावंत-निवासाचे बीज निराळ्या विचारातून रुजले. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात पीटरबरो येथे संगीतकार एडवर्ड मॅक्‌डॉवेल आणि त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी १९०७ साली आपल्या शेतावर अशा संस्थेचा पाया घातला. पतीच्या निधनानंतर मॅरियनबाईंनी ती नावारूपास आणली. तेथे रानात एकमेकींपासून दूर बांधलेल्या लहान खोल्यांत चित्रकार, लेखक व संगीतकार काम करतात. कामात व्यत्यय येऊ नये म्हणून दुपारचे जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवून देण्याची प्रथा आहे. निवासाचे शुल्क घेतले जात नाही आणि अमुक इतके काम पूर्ण झालेच पाहिजे, अशी सक्तीही नाही. मुक्काम संपल्यावर पाहुणा खोलीतील लाकडी फळीवर आपले नाव लिहून जातो.

रोम आणि पीटरबरो येथील पद्धतींमधील हे अंतर ध्यानात घेण्यासारखे आहे. पहिल्या ठिकाणी खर्चाच्या मोबदल्यात चित्रे येत होती. दुसऱ्या ठिकाणी कलावंताला त्याचा वेळ निरपेक्षपणे दिला जातो. आजच्या बहुतेक संस्था या दोन टोकांच्या मधे कोठेतरी असतात. निमंत्रण देणारी संस्था कोणत्या टोकाच्या जवळ आहे हे ओळखणे, ही निमंत्रणाचा विचार करण्याची पहिली पायरी होय.

रेखाटन करणाऱ्यांसाठी

व्यंगचित्रे, चित्रकथा व पुस्तकांतील चित्रे काढणारे कलावंत दीर्घकाळ अशा सवलतींपासून दूरच राहिले. त्यांचे काम वृत्तपत्राच्या किंवा प्रकाशकाच्या मुदतीला बांधलेले असल्याने ते उपजीविकेचे काम मानले गेले. फ्रान्समधील आंगुलेम या शहराने ही उणीव भरून काढली. कागद बनविण्याच्या जुन्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात १९७४ साली चित्रकथांचा महोत्सव सुरू झाला आणि २००२ पासून तेथे चित्रकथाकारांसाठी स्वतंत्र निवास चालविला जातो. निवड झालेल्या कलावंतांना तेथे काम करण्यासाठी जागा मिळते. अनेक देशांचे कलावंत शेजारीशेजारी बसून काम करीत असल्याने प्रकाशकाशी करार कसा करावा, यासारखी व्यवहाराची माहितीही त्यांना एकमेकांकडून मिळते.

लेखणीच्या रेषेवर जगणाऱ्या कलावंतास अशा मोकळ्या काळाचा काय उपयोग होतो, याचे गोमंतकीय उदाहरण म्हणजे मारिओ मिरांडा. मुंबईच्या नियतकालिकांत नाव झालेले असताना त्यांना पोर्तुगालमधील गुलबेंकियन प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती मिळाली. लिस्बनमध्ये एक वर्ष काढल्यानंतर ते लंडनला गेले आणि तेथे काही वर्षे राहून परतले. पुढे ज्या ज्या देशांचा त्यांनी प्रवास केला, तेथील रस्ते, उपाहारगृहे व माणसे त्यांच्या रेखाटनांत उतरली. ही शिष्यवृत्ती म्हणजे कलावंत-निवास नव्हे. परंतु ठरलेल्या कामापासून काही काळ दूर राहिल्याने चित्रकाराच्या दृष्टीचा पल्ला कसा वाढतो, हे त्यावरून दिसून येते.

भारतातील प्रयोग

आपल्या देशातील प्रयोगांत चेन्नईजवळच्या चोलमंडलम्‌ कलाग्रामाचा प्रथम उल्लेख करावा लागेल. मद्रास कलाशाळेचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांच्या नेतृत्वाखाली तेथील चित्रकार-शिल्पकारांनी १९६६ साली समुद्रकाठी जमीन घेऊन हे ग्राम वसविले. बाटिक व इतर हस्तकलेच्या वस्तू विकून त्यांनी त्यासाठी पैसा उभा केला. सहकाराच्या परंपरेत वाढलेल्या महाराष्ट्रास ही गोष्ट सहज पटण्याजोगी आहे. ललित कला अकादमीने १९७६ मध्ये दिल्लीतील गढी येथे जुन्या तटबंदीच्या आवारात कलावंतांसाठी कार्यशाळा सुरू केल्या. अहमदाबाद येथील कनोरिया कला केंद्र १९८४ पासून तरुण कलावंतांना काम करण्यास जागा देत आले आहे.

भोपाळ येथे १९८२ साली उघडलेल्या भारत भवनाने एक पाऊल पुढे टाकले. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या प्रेरणेने तरुण कलावंतांची पथके मध्य प्रदेशातील आदिवासी भागात हिंडली. मंडला भागातील पाटनगढ या गावी एका घराच्या भिंतीवरील चित्राने त्यांचे लक्ष वेधले. ते काढणाऱ्या जनगढ सिंह श्याम या गोंड-परधान युवकास भोपाळला आणण्यात आले. भारत भवनात त्यांना काम व कागद, शाई, रंग ही साधने मिळाली. बारीक ठिपके आणि रेषा यांनी भरलेली त्यांची चित्रे पुढे भोपाळच्या विधानभवनावरही झळकली. त्यांची शैली आज ‘जनगढ कलम’ म्हणून ओळखली जाते आणि त्यांच्या गावचे अनेक कुटुंबीय व सोबती तिच्यावर उपजीविका करतात.

भिंतीवरून कागदावर

अशा कामात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळात स्त्रियांना उत्पन्नाचे साधन मिळावे म्हणून पुपुल जयकर यांनी चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनी भागात पाठविले. तेथील भित्तिचित्रे त्यांच्या प्रयत्नाने कागदावर आली. १९७० नंतर याच भास्कर कुलकर्णींनी डहाणू परिसरातील वारली चित्रकारांच्या हाती कागद दिला. लग्नाचा चौक लिहिणे हे स्त्रियांचे विधीचे काम होते. गंजाडजवळच्या पाड्यावर राहणाऱ्या जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा विधीबाहेर नेली. तीत मासेमारीचे जाळे, पेरणी आणि तारपा नृत्य यांना स्थान मिळाले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

मधुबनी, वारली आणि गोंड या तिन्ही परंपरांतील चित्रकारांचा मुक्काम ज्या एका ठिकाणी घडला, ते ठिकाण जपानमध्ये आहे. निइगाता प्रांतातील तोकामाची हे भरपूर बर्फ पडणारे गाव. तेथे तोकियो हासेगावा यांनी १९८२ साली एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत मिथिला संग्रहालय स्थापन केले. भारतातील चित्रकारांना तेथे बोलावून घेण्यात येई. ते महिनोन्‌महिने राहत व चित्रे काढीत. मिथिला परंपरेतील विख्यात चित्रकार गंगादेवी यांनी तेथे काम केले, तसेच वारली चित्रकारांनीही केले. घरच्या भिंतीहून मोठ्या आकाराची आणि दीर्घकाळ खपून करावयाची चित्रे या मुक्कामांत साकार झाली. पटसंख्येअभावी ओस पडलेल्या शाळेचा असा उपयोग होऊ शकतो, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी नोंद घ्यावी अशी आहे.

याच ठिकाणी २००१ च्या जुलै महिन्यात जनगढ सिंह श्याम यांनी आपली जीवनयात्रा संपविली. त्या वेळी त्यांनी वयाची चाळिशीही गाठली नव्हती. त्यांचा मुक्काम लांबला होता आणि घरी लिहिलेल्या पत्रांतून परतण्याची ओढ व्यक्त झाली होती. अशा मृत्यूचे एकच एक कारण सांगणे उचित होणार नाही. परंतु त्यानंतर देशातील कलावंतांनी व लेखकांनी जे प्रश्न विचारले, ते आजही विचारण्यासारखे आहेत. परतीचा दिवस कोण ठरवितो? मानधन कोणत्या दराने आणि केव्हा मिळते? परभाषेच्या मुलखात एकट्या पडलेल्या माणसाची विचारपूस कोण करतो? भारत भवनाने ज्यांना जगासमोर आणले, त्या मोठ्या कलावंताबाबतही या प्रश्नांची व्यवस्था नसेल, तर प्रथमच गाव सोडणाऱ्या तरुणाची स्थिती काय होईल, याचा विचार व्हावयास हवा.

निमंत्रण आले असता

निमंत्रणाचे पत्र आल्यावर काही बाबी लेखी स्वरूपात निश्चित करून घेणे आवश्यक ठरते. पहिली बाब मुदतीची. जाण्याचा व परतीचा दिवस ठरलेला असावा, परतीचे तिकीट आधीच काढलेले असावे आणि मुदत वाढवावयाची झाल्यास ती कलावंताच्या संमतीनेच वाढेल, असा स्पष्ट उल्लेख असावा. दुसरी बाब खर्चाची. प्रवास, भोजन, औषधोपचार व विमा यांचा खर्च कोण करणार आणि त्याखेरीज मानधन किती, हे वेगवेगळे लिहिलेले असावे. तिसरी बाब संपर्काची. घरी बोलण्याची सोय, दुभाषा आणि त्या देशातील भारतीय दूतावासाचा पत्ता ही माहिती निघण्यापूर्वीच हाती असावी. पारपत्र कलावंताने स्वतःजवळ ठेवावे. पारपत्र अधिनियम, १९६७ नुसार ती केंद्र सरकारची मालमत्ता असते. यजमानाने तारण म्हणून ठेवून घेण्याची ती वस्तू नव्हे. शक्य असल्यास एकट्याने न जाता दोघांनी मिळून जावे.

चौथी बाब चित्रांच्या मालकीची असून तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. कागदावरील चित्र आणि ते पुन्हा छापण्याचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये चित्र काढणारा हाच सामान्यतः प्रताधिकाराचा पहिला मालक असतो आणि हा हक्क त्याच्या हयातीत व निधनानंतर ६० वर्षे टिकतो. मात्र एखाद्याने पैसे देऊन चित्र काढवून घेतले आणि उलट करार झालेला नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा ठरतो. म्हणून ‘प्रताधिकार कलावंताकडेच राहील’ ही एक ओळ करारात असणे महत्त्वाचे ठरते. हक्क हस्तांतरित करावयाचे असल्यास ते लेखीच करावे लागतात. त्यात मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसल्यास तो भारतापुरताच, असे कायदा मानतो. परदेशी मुक्कामात तेथील कायद्याचा संबंध येत असल्याने या गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहून घेणे अधिकच श्रेयस्कर. किती चित्रे यजमानाकडे राहतील आणि किती घरी येतील, तेही आधीच ठरवावे.

यजमानाकडे ठेवलेल्या चित्राच्या जतनाचा प्रश्नही उपेक्षणीय नाही. गंगादेवींनी कर्करोगाशी झुंजत असताना दिल्लीच्या शिल्प संग्रहालयात ‘कोहबर घर’ हे दालन चितारले होते. २०१५ साली संग्रहालयाच्या नूतनीकरणाच्या वेळी ते नाहीसे झाले. भिंतीवरील काम परत नेता येत नाही. म्हणून त्याच्या जतनाची हमी निमंत्रणातच मागणे योग्य होय.

स्थानिक पातळीवर

कलावंत-निवासासाठी मोठी वास्तू लागतेच असे नाही. कोरडी खोली, भरपूर उजेड, स्वच्छ पाणी, दोन वेळचे जेवण आणि दाराला आतून लावता येणारी कडी एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. गावातील रिकामी शाळाखोली सुटीच्या काळात एखाद्या चित्रकारास महिनाभर दिली, तर त्या मोबदल्यात भिंती रंगवून घेण्याचा मोह मात्र टाळावयास हवा. चित्रकाराने आठवड्यातून एक दिवस मुलांसमवेत चित्रे काढावीत, एवढी अपेक्षा पुरेशी आहे. शिक्षकांनीही आपल्या परिसरातील चित्रकारांना करार वाचून दाखविण्याची व त्याची प्रत जपून ठेवण्याची जबाबदारी स्वीकारली, तर या कामी मोठे साहाय्य होईल.

पाहुण्याला घरी बोलाविणे ही आपली रीत आहे आणि त्याला वेळेवर घरी पोहोचविणे हाही त्याच रीतीचा भाग आहे. चित्रकाराला वेळ द्यावा, त्याची रेषा त्याचीच राहू द्यावी आणि ठरल्या दिवशी त्याला त्याच्या पाड्यावर सुखरूप परत आणावे. निमंत्रण पाठविणारा अधिकारी असो वा ते वाचून दाखविणारा शिक्षक असो, त्याचे कर्तव्य या तीन गोष्टींत सामावलेले आहे.